जुनी वाइन मुरली की उतरली, हे ओळखावे कसे?

कोथरूडकर:

माझे मामा व्यापारी जहाजावर चीफ इंजिनिअर होते. बंदराबंदरांतून त्यांनी आणलेल्या बाटल्यांपैकी बहुतेक त्यांच्या हयातीतच संपल्या. गेल्या वर्षी ते गेले, आणि उरलेल्या चार बाटल्या मामींनी माझ्या स्वाधीन केल्या, कारण आमच्या घरात वाइन पिणारा मी एकटाच आहे. त्यांत स्पेनमधल्या रिओखाच्या २००१ सालच्या ग्रान रेसेर्वाच्या (म्हणजे बराच काळ मुरवून मगच विकतात त्या वाइनच्या) दोन, फ्रान्समधल्या बोर्दोची १९९६ सालची एक आणि मदेरा या पोर्तुगीज बेटावरच्या वाइनची एक अशा बाटल्या आहेत. मदेरावर साल नाही, नुसते ‘दहा वर्षे’ असे छापलेले आहे.

या बाटल्या दोन ठिकाणी होत्या. एक रिओखा आणि मदेरा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये गच्चीखालच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या माळ्यावर होती. दुसरी रिओखा आणि बोर्दो सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या तळघरात, तांब्यापितळेच्या भांड्यांमागे गोणपाटात गुंडाळून आडव्या ठेवलेल्या होत्या. वाडा पाडून नवी इमारत व्हायची आहे, त्यामुळे सामान हलवताना त्या हाती लागल्या.

मागच्या महिन्यात चार मित्रांना जेवायला बोलावून मी माळ्यावरची रिओखा उघडली. पेल्यात उतरलेला रंग कोऱ्या चहासारखा होता. वासात जुन्या मनुका आणि थोडासा व्हिनेगर एवढेच मला जाणवले, आणि घोट गिळल्यावर आंबटपणाखेरीज काहीही मागे उरले नाही. मित्रांचे मात्र निराळेच चालले होते. एकाला त्यात चामडे आणि तंबाखू सापडली, दुसरा ‘दोन तपे मुरलेली वाइन अशीच लागायची’ म्हणाला, आणि मीही मान डोलावली. रात्री भांडी आवरताना मला त्या मान डोलावण्याची लाज वाटली. माझी जीभ तयार नाही, की बाटलीतच काही राहिले नव्हते, हे कळण्याचा काही मार्ग आहे काय? उरलेल्या तीन बाटल्या कशा उघडाव्यात आणि त्यांत नेमके काय शोधावे, हेही जाणकारांनी सांगावे.

रसायनवाला:

कोथरूडकर, आपली जीभ बरोबर होती. मित्रांनी बहुधा लेबल प्यायले.

या बाबतीत मराठीत दोन फार नेमके शब्द आहेत, मुरणे आणि उतरणे. लोणचे मुरते, उन्हाळ्यात दुपारची आमटी रात्रीपर्यंत उतरते. दोन्हींत वेळच काम करीत असतो, पण मुरलेल्या लोणच्यात कैरी कैरी म्हणून ओळखू येते आणि उतरलेल्या आमटीत फक्त आंबूसपणा ओळखू येतो. जुन्या वाइनला हीच कसोटी लावावी. ताजेपणीचे जांभूळ-करवंद गेलेले चालते, त्याच्या जागी सुकलेले फळ यायला हवे. पुरंदरचे अंजीर ताजे खाल्ले आणि तेच सुकवून खाल्ले, तर दुसऱ्यात पहिले जसे शिल्लक असते, तसे.

आता आत काय घडते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ते कळले की पेल्यात काय पाहायचे ते आपोआप कळते. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून टॅनिन उतरलेले असते. कोऱ्या चहाने किंवा हिरड्याने तोंड कोरडे पडते ना, तेच हे द्रव्य. ते लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तुरटपणा ही चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव अधिक आहे. बाटलीत वर्षे जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जाऊन जड होत जातात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून रेड वाइन वयाबरोबर फिकी पडते. जांभळट रंग माणकासारखा होतो, मग कडेने विटकरी झाक येते. व्हाइट वाइनचे उलटे असते. ती फिक्या लिंबू रंगावरून सोनेरी आणि पुढे मधासारखी गडद होत जाते. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून कड पाहावी. कड विटकरी आणि मध्यभागी लाल शिल्लक असेल, तर आशेला जागा आहे. सबंध पेला चहासारखा दिसला, तर हवा लागून किंवा उष्णतेने ती वाइन गेली असे धरून चालावे.

वासाच्या बाबतीत मला आपल्याकडच्या लोकांची एक सवय खटकते. परदेशी पुस्तकांत वाचलेली फळे, जी आपण कधी हातातही घेतलेली नसतात, ती पेल्यात शोधायची आणि सापडली म्हणून सांगायची. त्यापेक्षा आपल्या नाकाच्या ओळखीचे वास धरावेत. चांगल्या जुन्या रेड वाइनमध्ये पहिल्या पावसानंतरचा पालापाचोळा, अळंबी, तंबाखूचे पान, चामडे, जुन्या लाकडी पेटीचे झाकण उघडल्यावर येणारा वास, असे काहीसे मिळते. जर्मनीतल्या जुन्या रीसलिंग या व्हाइट वाइनला चक्क रॉकेलचा वास येतो आणि तो दोष मानला जात नाही. जुन्या गोड वाइन्समध्ये आणि मदेरामध्ये सोटोलॉन नावाचे संयुग असते, आणि मेथीदाण्याचा जो खास वास आहे, तोही याच संयुगाचा. मेथीच्या लाडवांवर वाढलेल्या माणसाला इथे कोणाच्या मदतीची गरज पडू नये.

आपल्या बाटलीचे काय झाले असावे, हे तर उघड आहे. वाइनची तळघरे साधारण १२ ते १४ अंशांवर ठेवतात आणि तिथे उन्हाळा-हिवाळ्यात फारसा फरक पडू देत नाहीत. आपला माळा पश्चिमेच्या भिंतीला लागून, वर गच्ची. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशीला टेकतो. माळ्यावर काय होत असेल ते माळ्यावर चढून पाहावे. रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा असा की, दर १० अंशांना क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. शिवाय दिवसा वाइन प्रसरण पावून बूच ढकलते, रात्री आकुंचन पावून बाहेरची हवा आत ओढते. एवढे सोसूनही चांगली राहावी अशी अपेक्षा रिओखाकडून ठेवता येत नाही. ग्रान रेसेर्वा किमान पाच वर्षांनी बाजारात येते आणि त्यांतली किमान दोन वर्षे ती ओकच्या पिंपात असते, म्हणजे ती मुरायला सुरुवात करूनच आपल्याकडे आलेली होती.

मदेराची मात्र अजिबात काळजी करू नये. त्या बेटावरची पिंपे पूर्वी गलबतांतून उष्ण प्रदेशांतून फिरून येत, तेव्हा ती वाइन बिघडण्याऐवजी सुधारते असे लोकांच्या लक्षात आले. पुढे ती मुद्दाम तापवू लागले. एका पद्धतीत टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने ठेवतात, आणि चांगल्या प्रतीची मदेरा पिंपांत भरून वर्षानुवर्षे कोठारांच्या उबदार माळ्यांवर ठेवतात. आपल्या मामांनी चारांपैकी जी बाटली माळ्यावर ठेवायला हरकत नव्हती, ती नेमकी ठेवली, आणि जी ठेवायची नव्हती तीही ठेवली! मदेरा उभी ठेवावी. तिचे तीव्र आम्ल आणि जास्त अल्कोहोल बूच खाते.

द्राक्षवेल:

आम्ही जुन्नर तालुक्यात बागाईतदार आहोत आणि टेबल द्राक्षांबरोबर थोडी वाइनची द्राक्षेही लावली होती. प्रश्न परदेशी बाटल्यांचा असला, तरी इथे कोणीतरी आपली वाइन दहा वर्षे माळ्यावर ठेवील या भीतीने लिहीत आहे.

आपल्याकडे वेलीला वर्षातून दोन छाटण्या लागतात. एप्रिलात खरड छाटणी, आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. म्हणजे तोडणी येते जानेवारी ते मार्चमध्ये, जेव्हा दिवस तापत चाललेले असतात. मण्यातली साखर झपाट्याने चढते आणि आम्ल तितक्याच झपाट्याने उतरते. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, थंडी उंबरठ्यावर असताना. तिथे मणी सावकाश पिकतो आणि आम्ल टिकवून धरतो. वाइन बाटलीत टिकवून धरणारे मुख्य आधार आम्ल आणि टॅनिन हेच. शेनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ या नाशिकच्या व्हाइट वाइन्स वर्ष-दोन वर्षांत थंड करून प्याव्यात, त्या त्यासाठीच केलेल्या असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. कॅबर्ने आणि शिराझ या काळ्या द्राक्षांच्या, पिंपात ठेवलेल्या काही वाइन्स, किंवा अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’, जिच्यात सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों एकत्र आहेत, अशा बाटल्या नीट गारव्यात काही वर्षे ठेवून पाहण्यासारख्या आहेत असे माझे मत आहे.

नारायणगावच्या शातो इंडाजची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन ऐंशीच्या दशकात परदेशात विकली गेली, याचा आम्हाला या भागात अजून अभिमान वाटतो. त्या काळातली एक न उघडलेली बाटली माझ्या एका नातेवाइकाने शोकेसमध्ये दिव्याखाली जपून ठेवली आहे. ती त्यांनी जपावी. फक्त पाहुण्यांना पाजू नये.

कॅम्पातली:

मी काही वर्षे हॉटेलच्या वाइन विभागात काम केले आहे, त्यामुळे शास्त्राऐवजी हाताच्या गोष्टी सांगते.

प्रथम न उघडता बाटली उजेडासमोर धरून आतली पातळी पाहा. बोर्दोची आणि बहुतेक रिओखाची बाटली खांदे असलेली असते. वाइन मानेपर्यंत असेल तर उत्तम, खांद्याच्या वरच्या कडेला असेल तर इतक्या वर्षांनंतर तेही स्वाभाविक आहे. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल, तर बुचातून हवा आत शिरली आहे. बुचाच्या वरच्या बाजूला किंवा लेबलवर चिकट ओघळ असेल तर उष्णतेने ती बाहेर आलेली आहे. तळघरातल्या बाटलीचे लेबल ओलीने सुटले असेल किंवा त्यावर बुरशीचे डाग असतील, तर मुळीच घाबरू नका, उलट तिथे दमटपणा होता आणि बूच सुकले नाही याची ती खूण आहे. मी जिथे पहिल्यांदा कामाला लागले, तिथे महागड्या बाटल्या शोभेसाठी बारच्या दिव्यांखाली उभ्या मांडलेल्या असत. वर्षभरात बुचे आक्रसत आणि गिऱ्हाइकाला त्याच बाटल्या पूर्ण किमतीला दिल्या जात.

उघडण्याच्या दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. वीस-पंचवीस वर्षांचे बूच साध्या कॉर्कस्क्रूने हमखास तुटते. दोन पातळ पात्यांचा एक ओपनर मिळतो, तो बूच आणि काच यांच्या मधून सरकवून हलके फिरवत काढतात. त्याने बुचाला भोक पडत नाही. तरीही तुकडे आत पडलेच, तर धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या मलमलीतून गाळून घ्या. ओतताना मोबाइलचा दिवा बाटलीच्या मानेमागे धरा आणि एका संथ धारेत दुसऱ्या भांड्यात ओता, मध्ये बाटली सरळ करू नका. मानेत धुरकट रेघ दिसली की थांबा. शेवटचा अर्धा पेला सोडून द्यावा लागतो, त्याची हळहळ करू नये. आणि तरुण वाइनसारखी ही दोन-तीन तास हवेवर ठेवण्याची चूक मुळीच करू नका. जुन्या वाइनकडे तेवढा श्वास नसतो. ओतली की प्यायला बसावे.

वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असे सगळीकडे छापलेले असते. ती खोली युरोपातली, जुन्या दगडी घरातली. आपली बैठकीची खोली मे महिन्यात ३२-३३ अंशांवर असते आणि त्या तापमानाला फक्त अल्कोहोल नाकात शिरतो. १६-१७ अंश पुरे. त्यासाठी आधी फ्रिजमध्ये ठेवून काढली की जमते. पेला वर अरुंद होत जाणारा घ्या आणि एक-तृतीयांशच भरा. सोबत ठेचा, रस्सा, बाकरवडी यांपैकी काहीही नको; साधा पाव, कमी तिखटाचे भाजलेले मटण किंवा परतलेली अळंबी ठेवा. घरात त्या दिवशी उदबत्ती लावू नका, आणि अत्तर लावून येणाऱ्या मित्राला आधीच सांगून ठेवा.

एक दोष मात्र वयाशी संबंध नसलेला आहे आणि तो ओळखता यायला हवा. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात न वाळलेल्या पायपुसण्याचा वास आला, तर ते बुचातून आलेल्या ट्रायक्लोरोअॅनिसोलचे काम असते. एका लिटरात त्याचे काही नॅनोग्रॅमसुद्धा पुरतात. त्याने माणसाला अपाय होत नाही, पण फळाचा वास पार दबून जातो. तळघरात नीट ठेवलेल्या बाटलीतही हे होऊ शकते, तेव्हा तसे निघाले तर तळघराला दोष देऊ नका.

नाकासमोर:

एवढा खटाटोप करून शेवटी चहासारखे पाणी मिळणार असेल, तर तेवढ्याच पैशांत दहा ताज्या बाटल्या याव्यात. मला हे सगळे सालांचे आणि नावांचे स्तोम वाटते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्यांनी फ्रेंच परीक्षकांसमोर लेबले झाकून वाइन्स ठेवल्या, तेव्हा त्या परीक्षकांनी बोर्दोच्या नामांकित घराण्यांना मागे टाकून कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपच्या १९७३ च्या कॅबर्नेला पहिले ठरवले. व्हाइटमध्येही कॅलिफोर्नियाचीच शातो मॉन्टेलेना पहिली आली. जगातल्या सर्वांत तयार जिभांची ही गत, तर कोथरूडच्या चार मित्रांनी चामड्याचा वास घेतला यात नवल कसले?

रसायनवाला:

नाकासमोर, उदाहरण आपण चांगले दिलेत, पण त्याचा दुसरा अंक सांगायला विसरलात. त्या निकालानंतर ‘कॅलिफोर्नियाच्या वाइन्स तरुणपणीच छान लागतात, बोर्दो मुरेल तेव्हा पाहा’ असा युक्तिवाद झाला होता. म्हणून बरोबर ३० वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच रेड वाइन्स लंडन आणि नापा अशा दोन ठिकाणी पुन्हा चाखल्या गेल्या. पहिली आली कॅलिफोर्नियाच्याच रिजची १९७१ ची माँटे बेलो, जी १९७६ मध्ये पाचवी होती. म्हणजे तीस वर्षांत क्रम बदलला, आणि तो लेबल पाहून बदललेला नव्हता. नावांचे स्तोम आहे हे मान्य. मुरणे मात्र खरे आहे, आणि कोणती मुरेल ते नावावरून सांगता येत नाही. कोथरूडकरांनीही पुढची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, शेजारी एखादी साधी ताजी वाइन तशीच गुंडाळून ठेवावी, आणि प्रत्येकाने बोलण्याआधी आपापल्या कागदावर लिहावे.

कोथरूडकर:

सर्वांचे आभार. तळघरातली रिओखा गेल्या रविवारी उघडली, ती सांगितल्याबरहुकूम दोन दिवस उभी ठेवून. पातळी मानेच्या किंचित खाली होती. बूच अर्ध्यावर तुटले, कारण तो दोन पात्यांचा ओपनर मला लक्ष्मी रस्त्यापासून कॅम्पापर्यंत कुठेही मिळाला नाही; मलमल कामी आली. शेजारी नाशिकची दोन वर्षांपूर्वीची शिराझ ठेवली. दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, तेच चार मित्र बोलावले आणि सर्वांना कागद-पेन्सिली दिल्या.

रंग कडेला विटकरी आणि मध्ये अजून लाल होता. पहिली पाच मिनिटे वास बंद खोलीसारखा होता, त्यामुळे मी मनातून खचलो होतो. मग हळूहळू सुके अंजीर आले, त्यामागून नारळाच्या करवंटीसारखा काहीसा लाकडाचा वास, आणि पंधरा-वीस मिनिटांनी मी कागदावर ‘मामांची ट्रंक’ असे लिहिले. तुरटपणा जवळजवळ नव्हता. घोट गिळल्यावर चव मात्र बराच वेळ रेंगाळत राहिली, माळ्यावरच्या बाटलीत हेच नेमके नव्हते. चाळीस मिनिटांनी ती विझू लागली आणि तासाभराने पेल्यात आंबटपणाच उरला. कॅम्पातलीताईंचे ऐकून हवेवर ठेवली नाही, हे फार बरे झाले.

कागद उघडले तेव्हा दोघांनी शिराझ अधिक आवडल्याचे लिहिले होते, आणि त्यांत मागच्या वेळी चामडे-तंबाखू सापडलेले गृहस्थही होते. त्यांनी ते प्रामाणिकपणे मान्य केले, म्हणून त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला. नाकासमोर, तुम्हाला त्यांची ओळख करून द्यायला मला आवडेल.

जेवणानंतर मदेरा उघडली. मामींनी आजवर कधीही वाइनला तोंड लावलेले नाही, पण बाटली मामांची म्हणून त्यांनी पेला हातात घेऊन नुसता वास घेतला आणि विचारले, “यात मेथी घातली आहे काय रे?” मी त्यांना या चर्चेतले काहीच सांगितलेले नव्हते. नंतर त्यांनी चमचाभर चाखली आणि बाटली आपल्या घरी ठेवून घेतली, त्यामुळे तिच्याविषयी मला यापुढे काही सांगता येणार नाही.

१९९६ ची बोर्दो अजून तळघरात आहे. वाड्याची चावी महिनाअखेर बिल्डरच्या हवाली करायची आहे आणि घरी तेवढी गार जागा नाही, तेव्हा ती आता हलवण्यापेक्षा तिथेच ओट्यावर बसून उघडावी असा विचार आहे. कॅम्पातलीताई, आपला तो दोन पात्यांचा ओपनर एका संध्याकाळपुरता उसना मिळेल काय? आपण स्वतःच घेऊन आलात, तर एक पेला जास्त मांडीन.